डाव्या कानातला आवाज

पासष्टच्या सप्टेंबरात आमची प्लाटून पंजाबात एका उसाच्या फडाच्या कडेला होती. मी दहिवडीकडचा, माण तालुक्यातला. आमच्याकडे मेंढरं होतात, ऊस होत नाही. त्यामुळे फडात काहीही हललं की मला शत्रू दिसे. शेजारच्या ट्रेंचमधला शिपाई गणपत सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा. तो उसातच वाढलेला.

गोळे पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी सहाला, स्टँड-टूच्या, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन सज्ज राहायच्या वेळी, हेल्मेट घातलेला एक माणूस वाकून फडातून येताना मी पाहिला. हेल्मेटवरची जाळीसुद्धा दिसली. रायफलचा बोल्ट ओढला आणि ओरडलो, "थम! कौन आता है?"

म्हैस आली.

"म्हशीला पासवर्ड इचारतोस व्हय रं, माणदेश्या?" गणपत म्हणाला. सगळा सेक्शन हसला. जाळी मी पाहिली होती, हे आजही शपथेवर सांगेन. घरात ही गोष्ट निघाली की मुलं म्हशीची बाजू घेतात.

गणपतच्या घरी विहिरीवर मोट होती. मोट रिकामी झाली की बैलांना विहिरीकडे धावेच्या उतारावर उलट्या पावली चढावं लागतं, आणि मागं चालायला बैल बिचकतात. तेव्हा त्याचे वडील म्हणत, "मागं रं राजा, मागं. हळू." सेक्शनमध्ये कुणी घाबरला की गणपत त्यालाही हेच म्हणे. सर्वांत जास्त वेळा मला.

सकाळी सात वीसला शेलिंग सुरू झालं. पहिला गोळा डावीकडे, गणपतच्या बाजूला पडला. त्यानंतर मला एकही धमाका ऐकू आला नाही. माती वर जाऊन सावकाश खाली येताना दिसत होती, चाळणीतून पीठ पडावं तशी. रायफलच्या पट्ट्यावर एक मुंगी चढत होती. ती टोकाला पोचेपर्यंत मी पाहत राहिलो. आणि डाव्या कानात गणपत बोलत होता, "मागं रं राजा, मागं. हळू."

मी सरपटत मागच्या पाटात गेलो. मी होतो त्या जागी पुढचा गोळा पडला.

शेलिंग थांबल्यावर हवालदार आले. "तासभर भाजलं आपल्याला," मी म्हणालो.

त्यांनी घड्याळ पुढे केलं. "सहा मिनिटं."

"गणपत कुठाय? त्यानं मला मागं बोलावलं."

"पहिल्या गोळ्यात गेला. जागीच. मी बघितलाय."

"न्हाई. नंतर बोलला तो."

डॉक्टर साहेबांनी माझे कान तपासले. डावा पडदा फाटला होता. ते म्हणाले, "पहिल्याच धमाक्याला गेलाय हा. या कानानं तू काही ऐकलेलं नाहीस."

डिसेंबरात रजा मिळाली. रजेवर जाणाऱ्यानं लढाईत गेलेल्या सोबत्याच्या घरी आधी जायचं, मग आपल्या, असा आमच्या कंपनीचा रिवाज. गणपतचे वडील, आबा, मोट हाकत होते. त्यांनी बैल सोडले. मी सगळं सांगितलं. त्यांना बरं वाटेल म्हणून कानातल्या आवाजाचंही सांगितलं. शहाणपणा माझा.

आबांनी बैलांपुढे वैरण टाकली. मग म्हणाले, "पल्टनीच्या कागदात जागीच गेला आसं ल्हिलंय. तू म्हंतोस बोलत हुता. मग त्येला जिता टाकून मागं आलास व्हय, पोरा?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांना माहीत करून घ्यायचं होतं.

"न्हाई आबा. तो गेला होता. माझा कान फुटला होता. ते बोललं माझं भ्याव."

"नक्की?"

"व्हय."

नक्की मला आजही नाही. ज्याला म्हैस हेल्मेट घातलेली दिसली आणि सहा मिनिटं तासाएवढी वाटली, त्याच्या डोक्याचा काय भरवसा? मागं पळायला मला कुणाची तरी परवानगी हवी असेल. ती द्यायला गणपतच सापडला असेल.

आबांनी पुन्हा बैल जुंपले. मोट वर आली, पाटात रिती झाली. बैल बिचकले. आबांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. बैल तसेच उभे. दोर सैल पडला.

मग मी म्हणालो, "मागं रं राजा, मागं. हळू."

बैल मागं सरले. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजची रात ऱ्हा. सकाळी जा गावाला."

मी उजव्या कुशीवर झोपतो. चांगला कान उशीत, बहिरा वर. बायको चिडते, "आवं, चोर शिरला तर कळायचं कसं?"

मी म्हणतो, पासवर्ड विचारीन. तो कान कुणासाठी मोकळा ठेवलाय, ते तिला ठाऊक आहे.