बर्फाच्या टाकीला लावलेलं शिसं

सिग्नल्समधून हवालदार म्हणून रिटायर झालो. शेवटून दुसरं पोस्टिंग बर्फातल्या एका चौकीवर होतं. आम्ही अकरा जण. पिण्याच्या पाण्याची सोय एकच: पत्र्याच्या टाकीत बर्फ टाकायचा, खाली स्टोव्ह पेटवायचा. एक दिवस टाकी गळायला लागली. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग वायर माझ्याकडे होती. मी सांधा आतून-बाहेरून झाळून दिला. साहेब म्हणाले, "शाब्बास." मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो. त्या वायरीत शिसं असतं हे मला ठाऊक होतं. ते पाण्यात उतरतं, हे ठाऊक नव्हतं.

दोन-अडीच महिन्यांत सगळ्यांची पोटं दुखायला लागली. सर्वांत जास्त लान्स नाईक विठ्ठल शिंदेचं. पाटणचा गडी, पक्का चहाबाज. आम्ही चिडवायचो, "चहाच नडला तुला." मग एके सकाळी त्याने मला उजवा हात दाखवला. मनगट नीट वर उचलत नव्हतं.

"साहेबांना सांगू नको. खाली धाडतील. गस्तीच्या पेट्रोलला माणूस कमी पडंल."

मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सहा-दहाला पेट्रोल निघाली. सहा-पन्नासला सेट वाजला.

"एक जवान रोपवरून हात सुटून दरीत गेला. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"शिंदे. ओव्हर."

पुढे डॉक्टरांनी आमचं रक्त तपासायला पाठवलं. त्यात शिसं निघालं. विठ्ठलचं मनगटही त्यानेच गेलं असणार, असं ते म्हणाले. टाकी कोणी झाळली, असं विचारल्यावर मी हात वर केला.

आता मी नेरूळला, सारसोळ्याच्या कोळीवाड्याला लागून राहतो. नळाला प्रेशर नसतं, म्हणून यंदा शेजारच्या हिराबाईंनी पागोळ्यांचं पाणी धरायला पत्र्याची जुनी टाकी लावली. परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर टाकीत सांध्यावर राखाडी पट्टी दिसली.

"हे काय लावलंय, मावशी?"

"मासे धरायच्या जाल्याचं शिसं. वितलवून वतलं. टाकी गलत होती."

"पाणी पितं कोण?"

"सून. पाचवा हाय तिला. उकलून देते मी."

"उकळून शिसं जात नाही."

"आमी जलमभर शिसं हाताळतो, फौजी. काय झालं नाय."

गोळीबारातही एवढा घाबरलो नव्हतो. तिथेच खाली बसलो आणि विठ्ठलची सगळी हकिगत सांगितली. बायकोलाही ती कधी सांगितली नव्हती. हिराबाईंनी उठून टाकी आडवी केली.

निघताना त्यांनी विचारलं, "त्या पोराच्या आयशीला म्हाईत हाय?"

नाही. पाय घसरला, एवढंच तिला मी सांगितलं. डोंगरात वाढलेल्या पोराचा पाय घसरला कसा, हे ती दर दिवाळीला फोनवर विचारते. मी म्हणतो, बर्फच तसा होता, आई.

सुनेचं रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट यायचाय. जिन्यात पाऊल वाजलं की मी दार उघडून बघतो. रिपोर्ट कसाही येवो, त्यानंतर मी पाटणची एसटी धरणार आहे. लान्स नाईक विठ्ठल शिंदेचा पाय घसरला नव्हता, हे त्याच्या आईला कळायला हवं.