सुईदोऱ्याच्या डब्यातलं बी

मगनभाऊंनी कारखान्यात एकतीस वर्षं साखर शिजवली. पॅनमन होते. पाक दाण्यावर आला की नाही, हे ते थेंबभर चिमटीत चोळून सांगायचे. निवृत्त झाल्यावर पुरुषोत्तमनगरच्या वसाहतीबाहेर आमच्या शेजारी घर बांधलं आणि तीच चिमूट मातीत घातली. सकाळी उठून वाफ्यातली माती चोळायची, नाकाशी न्यायची, मग निकाल द्यायचा, "आजून कच्ची शे." मी वत्सला, निवृत्त मास्तरीण. चौतीस वर्षं पेपर तपासले, पण इतक्या गंभीर चेहऱ्यानं कुणाला नापास केल्याचं मला आठवत नाही.

त्यांची बाग म्हणजे घराभोवतीची पाच-सहा हात जागा. पावसाळ्यात कुंपणावर गिलकी आणि दोडकी, हिवाळ्यात मेथी, वाल, वांगी. उन्हाळ्यात काही नाही. तेव्हा सगळी बाग पालापाचोळ्याखाली झाकून ठेवायची, "तिले बी सुटी पाहिजे" म्हणे. किडीला निंबोळीचं पाणी, माव्याला राख. दुकानातली बाटली त्या अंगणात आलेली मी पाहिली नाही. माझ्या अंगणात मात्र पेव्हर ब्लॉक आहेत. झाडायला सोपे पडतात, काय करणार!

या बागेतला खरा जीव म्हणजे भरताचं वांगं. हिरवं, वीतभर लांब, खालच्या टोकाला पांढुरकं. बी धनुताईंचं, म्हणजे मगनभाऊंच्या बायकोचं. तापीकाठच्या माहेराहून त्यांनी लग्नानंतर पदराला बांधून आणलं होतं. माहेरी आता जिकडेतिकडे केळी आणि पपई, ते बी तिथं कुणाकडेच उरलं नाही. उरलं ते एवढ्या अंगणात.

दरवर्षी दोन चांगली वांगी तोडायची नाहीत, देठाला लाल दोरा बांधून झाडावरच पिवळी होऊ द्यायची. त्यांचं बी राखेत घोळून पुड्या बांधायच्या आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारीपाजारी वाटायच्या. आपल्यापुरती एक पुडी ठेवायची, तीही पावसाळ्यात पेरून संपवायची. घरात साठवायचं नाही. बी पैशानं विकायचं नाही आणि ज्यानं घेतलं त्यानं पुढच्या वर्षी मूठभर परत करायचं, असा धनुताईंच्या माहेरचा रिवाज.

मलाही पुडी मिळायची. ती मी सुईदोऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि विसरायची. पेरायला माती कुठे होती? पण पहिल्याच वर्षी थंडीत धनुताईंनी विचारलं, "बाई, वांगा लागनात का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लागली तर! मागच्या बाजूला टोपल्यांत लावलीत." एकदा खोटं बोललं की ते निभवावं लागतं. मी शहाद्याच्या बाजारातून वांगी आणली, भरीत केलं आणि वाटीभर त्यांना नेऊन दिलं. धनुताईंनी घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं व्हयेल शे." दुसऱ्या वर्षी पुन्हा पुडी आली, पुन्हा मी बाजारात गेले.

मग गेल्या वर्षी जानेवारीत त्यांच्या लेकीचं, भाविकाचं, बाळंतपण आलं आणि दोघं आठ दिवसांसाठी सुरतेला गेले. मला फक्त पाणी घालायला सांगितलं होतं. फक्त पाणी! पण आम्ही पडलो मास्तर, सांगितलं तेवढंच केलं तर कमीपणा. फाटकाशी प्रेसमडचा ढीग होता. उसाचा रस गाळल्यावर उरणारा हा काळा गाळ, गळीत सुरू झालं की इथले लोक खतासाठी ट्रॉलीनं आणतात. मगनभाऊ दरवर्षी वांग्यांना घालायचे, ते मी पाहिलं होतं. सकाळच्या थंडीत ढिगातून वाफा निघत होत्या. म्हटलं, वा, काय ताकद आहे! अकराच्या अकरा झाडांच्या बुडाशी एकेक घमेलं लोटलं, वर पाणी दिलं आणि आल्याचा चहा घेत बसले.

मगनभाऊ घालायचे तो लिंबाच्या झाडामागचा ढीग होता. शेणात मिसळून, सहा महिने खालीवर करून थंड केलेला. हा ताजा होता, आतून तापलेला. तिसऱ्या दिवशी झाडांनी माना टाकल्या. सहाव्या दिवशी पानं करपली. लाल दोऱ्याची दोन्ही वांगी देठाशी सुकून गेली, आत बी भरलंच नव्हतं.

मगनभाऊ परत आले. बुडाची माती चिमटीत घेतली आणि चोळली. "कच्चा व्हता," एवढंच म्हणाले. अहो, ओरडले असते तर बरं झालं असतं! मी घरात येऊन रडले.

नंतर पंधरा दिवस ते पुड्या दिल्या त्या प्रत्येक दारात जाऊन आले. कुणी म्हणालं उंदरांनी खाल्लं, कुणी म्हणालं सगळी वांगी चवीला चांगली लागली म्हणून खाऊन टाकली. भूपेशनं, समोरच्या त्या पोरानं, संकरित रोपं आणून लावली होती. शेवटी मगनभाऊ माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, आते तुम्हनाच भरवसा शे. दोन सालपासून लावी ऱ्हायना तुम्ही. एखादं बियानं धरेल व्हई ना?"

नाही म्हणावं तर बी गेलं, खरं सांगावं तर अब्रू गेली. मी आत गेले, डबा आणला. रिळांच्या खाली दोन्ही पुड्या जशाच्या तशा पडल्या होत्या, दोरासुद्धा सुटला नव्हता.

"मी कधी पेरलंच नाही, भाऊ," मी म्हटलं. "भरीत बाजारच्या वांग्यांचं होतं. दोन्ही वर्षं."

मगनभाऊंनी पुडी उघडली. दोन दाणे चिमटीत घेऊन नखानं दाबून पाहिले. मग हा माणूस जो हसायला लागला तो थांबेचना. हसता हसता कुंपणावरून ओरडले, "ओ धनू, सापडनं वं! बाईनं पेरंच नही!"

धनुताई पदराला हात पुसत आल्या. मी मान खाली घालून उभी. "ताई, चुकले मी. खोटं बोलले."

"माले पहिला घासमाच समजनं व्हतं," त्या म्हणाल्या. "आपलं वांगं इतलं कडू नही ऱ्हास."

"मग दुसऱ्या वर्षी परत कशाला दिलंत?"

"तू पेरस नही, ते माले समजनं. पन तू काही फेकस बी नही. तुन्हा घरमा फुटेल बशी सुदीक जपेल शे." आणि मग जरा हळू म्हणाल्या, "पेरनाराकडलं बियानं खपी जास, बाई. आळशीकडलं टिकस."

शरमेनं मेले आणि सुखावलेही, दोन्ही एकदम. इतकी वर्षं शेजारीण मला ओळखून होती आणि तिला माझा रागही आला नव्हता.

बी जुनं होतं, उगवेल याचा भरवसा नव्हता. जूनमध्ये मगनभाऊंनी एक पुडी त्यांच्या वाफ्यात टाकली आणि दुसरी माझ्याकडून टाकून घेतली. त्यासाठी माझे सहा ब्लॉक उखडले. नऊ दिवस मी दिवसातून चारदा जाऊन पाहायची. दहाव्या दिवशी माझ्याकडे सात मोड आले, त्यांच्याकडे बारा. डिसेंबरात आम्ही तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खाल्लं. त्यांच्या भरतापुढे माझं आधीचं भरीत म्हणजे पाप होतं, हे मी आपण होऊन कबूल केलं.

माझ्या सर्वांत चांगल्या वांग्याला मी लाल दोरा बांधला. ममतानं, माझ्या सुनेनं, ते तोडायला हात घातला तेव्हा मी अशी काही ओरडले की गल्ली बाहेर आली.

यंदा आखाजीला मी पहिल्यांदाच मूठभर बी परत करायला गेले, ताठ मानेनं. धनुताईंनी ते ओंजळीत घेतलं, कपाळाला लावलं आणि आत जाऊन माझ्या वाट्याच्या पुड्या घेऊन आल्या. दोन होत्या.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक पेर," त्या म्हणाल्या, "आन एक डब्बामा ठेव."