तिसऱ्या हाकेला

भुताखेतांचा कार्यक्रम आणि तोही दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात! हे फक्त आमच्या खैरुनबीच करू जाणोत. रेडिओवर असले कार्यक्रम रात्री लावतात, म्हणजे लोक कसे छान टरकतात, असं त्यांना पुष्कळांनी सांगून पाहिलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "घाबरवायचं कोणाला हाय? आयकायचं हाय. वसाहतीतल्या कारखान्यांची पहिली पाळी सुटते, माणसं घरी येऊन हातपाय धुतात, चा पितात. तवाच माणूस खरं बोलतो."

मी शुभदा. महाडात माझं औषधांचं दुकान आहे आणि माझा भुतांवर काडीचाही विश्वास नाही. कोणाच्या अंगात येतं म्हणून कोणी दुकानात आलं, तर मी आधी रक्तदाब तपासून घ्यायला सांगते. पण दर रविवारी दुकान बंद करून मी आमच्या गावच्या छोट्या रेडिओच्या खोलीत जाऊन बसते आणि 'दिसलं ते सांगा' या कार्यक्रमाचे फोन उचलते. का, असं माझे यजमान अजून विचारतात. खैरुनबींना एकदा माइकसमोर बसलेलं पाहा म्हणावं, मग कळेल.

बाई साठी ओलांडलेली, ठेंगणी, गुडघ्यांनी पार वैतागलेली. जिना चढताना प्रत्येक पायरीला एक शिवी हासडणार, तीही पायरीला. पण खुर्चीत बसल्या की ओढणी कानामागे खोचतात, डोळे मिटतात, आणि मग समोरचा काय वाट्टेल ते सांगो. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर वाफेत उभी असलेली बाई असो, नाहीतर घाटात गाडीच्या मागे बसून आलेला आणि उतरताना नाहीसा झालेला म्हातारा. त्या हसत नाहीत, मधे तोंड घालत नाहीत, आणि समजावून सांगायला तर मुळीच जात नाहीत. सांगणाऱ्याचं सांगून संपलं की एकच विचारतात, "मंग तू काय केलास?"

एकदा एकाला आकाशात तेजस्वी गोळा दिसला होता. मी माइकवर हात ठेवून म्हटलं, "चाची, तो शुक्र असणार." त्यांनी एक डोळा उघडला. "तुझं दुकान बंद हाय ना आज? मंग औषध कशापाय देतेस?" त्यानंतर मी माझं खगोलशास्त्र घरीच ठेवून जाते.

हा कान त्यांना कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे यजमान हाशिम कुवेतला ट्रेलर चालवायचे. तेव्हा फोन परवडत नसे आणि हाशिमभाईंना लिहायचा कंटाळा. म्हणून ते कॅसेटवर बोलून ती गावाकडे निघालेल्या कोणाजवळ तरी द्यायचे. घरातली सगळी टेपरेकॉर्डरभोवती बसून ऐकायची, कोणाला काय आणतोय तेवढं कळलं की उठून जायची. खैरुनबी मात्र तीच कॅसेट भांडी घासताना, तांदूळ निवडताना पुन्हा पुन्हा लावायच्या. त्यामुळे त्यांना शब्दांच्या मागचंही ऐकू यायला लागलं. पंख्याची घरघर, खोलीतल्या दुसऱ्या माणसाचं घोरणं. आणि मग खोकला. "मी खुशाल हाय, काळजी करू नको," असं म्हणून झालं की एक खोकला. पुढच्या कॅसेटवर तो अधिक खोल. त्यांनी दिरांना सांगितलं, गावातल्या जाणत्यांना सांगितलं, कुवेतहून येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगितलं. सगळे हसले. तो स्वतःच्या तोंडानं खुशाल म्हणतोय आणि तुला कसली भुतं दिसतायत? पुढच्या खेपेला कॅसेट आली नाही, निरोपच आला.

हे सगळं त्यांनी भाकरी थापता थापता सांगितलं, आवाज न हलवता. रडले मी.

आता त्या रविवारचं सांगते. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आम्ही पोचलो तर रेडिओच्या दारात एक म्हातारी उभी होती, कुडपणच्या काशीबाई. कुडपण म्हणजे पोलादपूर तालुक्यातलं अगदी वरचं, डोंगराच्या माथ्यावरचं गाव. काशीबाईंचे यजमान श्रीपतनाना शुक्रवारी सकाळी डोळे दाखवायला महाडला यायला निघाले, ते पोचलेच नव्हते. गावची माणसं एसटीच्या रस्त्यानं शोधून दमली होती. पोलादपूरचा स्टँड पाहून झाला, दवाखाने पाहून झाले. एक माणूस, तोही डोळ्यांनी अधू, दोन रात्री थंडीत कुठे असेल? रेडिओवरून सांगितलं तर कोणीतरी ऐकेल, एवढ्या आशेनं त्या खाली उतरल्या होत्या.

खैरुनबींनी त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं, थर्मासमधला चहा दिला. काशीबाईंना बोलायचा दम नव्हता आणि गप्पही राहवत नव्हतं. "पाय काय सरळ न्हवता त्या दिवसाचा, बाय. गाय पण बेस्तरवारी गेली ती आलीच नाय घरी. वाघरानं नेली असंल. हे म्हनले, जाऊ दे, डोळं तरी दाखवून येतो. आता हेच नाय."

मी खैरुनबींना बाजूला घेतलं. "चाची, आज भुतांचं राहू दे. आवाहन करू आणि गाणी लावू. बरं नाही दिसत ते, या बाईसमोर."

"आज तर बंद ठेवायचाच नाय," त्या म्हणाल्या. "ज्याला कायतरी दिसलंय, आयकलंय, तो दुसऱ्या कोणाला फोन करील सांग. पोलिसांना?"

त्यांची सून तसनीम यंत्राचं सगळं बघते. तिनं खूण केली आणि कार्यक्रम सुरू झाला. काशीबाईंनी कसंबसं आवाहन केलं. नानांची अंगकाठी, पांढरा सदरा, हातातली काठी, सगळं सांगितलं. मग फोन.

पहिला अश्वजितचा, वसाहतीतल्या कारखान्यात काम करणारा आमचा नेहमीचा. त्यानं उडती तबकडी पाहिली होती, पोलादपूरच्या डोंगरावर, ताटाएवढी, जागच्या जागी थांबलेली.

"मंग तू काय केलास?"

"गाडी थांबवली, हेल्मेट काढलं."

"हेल्मेट कशापाय?"

"काय सुचेना, चाची. म्हटलं, नमस्कार करावा का काय."

एरवी मी तोंडात पदर कोंबून हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

दुसरा फोन अनिलचा. कुडपणच्या मागच्या अंगाला, दरीकडच्या उतारावर एक वाडी आहे, तिथला हा तरुण. वाडीची वाट वेगळी, बाजार वेगळा. कुडपणला काय झालं ते तिथे आठवड्यानं कळायचं. "माझं त्या नानांचं काय नाय हा," त्यानं आधीच सांगून टाकलं. "माझं येगळंच हाय. आमच्या वाडीखाली घळ हाय. आजा सांगायचा, लय वर्षांमागं तिथं एक गुराखी पडून मेला, तो दिवेलागणीला गुरांना हाका मारतो. मी कधी आयकलं नव्हतं. आता दोन दिवस आयकतोय. मी रोज कातळावर येतो, बायकोला फोन लावायला. रेंज इथंच येते. परवा नुसता आवाज आला, शब्द नाय कळले. काल कळले."

"काय म्हणतो आवाज?"

"'ये ढवळेऽ, ये गो.' एकदा म्हटलं, थोडं थांबून परत म्हटलं. मंग काय नाय."

काशीबाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "आमची पन ढवळीच," त्या पुटपुटल्या. पण पांढऱ्या गाईला ढवळी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तालुक्यात अशा शेकड्यानं ढवळ्या असतील.

"मंग तू काय केलास?"

"पळालो."

"ओ नाय दिलीस?"

"कशी देनार, चाची? तिसरी हाक आलीच नाय."

हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. अंधार पडल्यावर बाहेरून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे पोर बोलायला लागतं तेव्हापासून शिकवतात. बाहेरचं जे काही असतं त्याला म्हणे तिसरी हाक जमत नाही. हिंदूंच्या घरात तेच, मुसलमानांच्या घरात तेच. मी भुतं न मानणारी, पण दिवे गेले असताना जिन्यातून कोणी हाक मारली तर मीसुद्धा तिसरीची वाट बघते.

खैरुनबींनी डोळे उघडले नव्हते. "हाक झाल्यावर काय आयकलास? नीट आठव."

"काय नाय... खोकला. हाक झाली की खोकायचं ते."

खैरुनबी खुर्चीत ताठ झाल्या. "अनिल, मी किती दिवस भुतांचं आयकतेय, तुला ठाव हाय. रडणारी आयकली, हसणारी आयकली, पैंजण वाजवणारी आयकली. खोकणारं भूत आजपातूर मला एकानंही सांगितलं नाय. तू आता हायस कुठं?"

"कातळावरच की."

"मंग हाक मार. श्रीपतनाना म्हणून मार."

"आता काय आवाज नाय येत, चाची."

"मार तू. पण एकदा मारून थांबू नको. तो पण कुडपणचाच हाय. पहिल्या हाकेला ओ दील कशापाय?"

दोन दिवस माणसं हाका मारत हिंडली होती. इथे एक हाक, तिथे एक हाक, उत्तर नाही म्हणून पुढे. कोणी वर माथ्यावरून आवाज दिलाही असेल. आणि खाली मोडून पडलेला म्हातारा, मेलेल्या गुराख्याच्या घळीत, लहानपणी शिकवल्याप्रमाणे तिसऱ्या हाकेची वाट बघत बसला असेल. घळीत पडलेल्याला दिवस काय आणि रात्र काय!

फोनमधून अनिलची हाक आली. "श्रीपतनानाऽऽ!" मग नुसता वारा. दुसरी हाक. काशीबाईंनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची नखं रुतत होती आणि मला ते बरं वाटत होतं.

"चाची, काय नाय हो..."

"तिसरी मार रे!" खैरुनबींना माइकवर ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानं तिसरी मारली, बेंबीच्या देठापासून.

आधी वाटलं, फोनच खरखरतोय. मग पुन्हा आलं. बारीक, खालून, पार खोलातून. "ओऽ." आणि त्यामागे खोकला.

काशीबाई उठून उभ्या राहिल्या. "ह्येच! ह्येच खोकनं!" आणि मग महाडात बसून, माइकमध्ये तोंड घालून, त्यांनी मोठ्यानं ओ दिली. तिकडे घळीत ती ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण रेडिओ लागलेल्या प्रत्येक घरात ती गेली, आणि त्यानंतर मला फोन उचलायला दोन हात पुरले नाहीत. वाडीतली माणसं दोर घेऊन धावली, कुडपणची माथ्यावरून उतरली. तबकडीवाला अश्वजित मित्रांना गोळा करून गाडीवरून निघाला. उजेड असेतो नानांना झोळीतून वर काढलं. पाय मोडला होता, अंगात ताप होता, पण घळीत झऱ्याचं पाणी असल्यानं जीव राहिला होता.

पुढे गावात खैरुनबींचं फार कौतुक झालं. सत्काराचंही निघालं. त्या म्हणाल्या, शाल नको, आमच्या जिन्याला कठडा बसवून द्या. तो अजून बसलेला नाही, पण तो आमच्या गावचा वेगळा विषय आहे.

प्लास्टर निघाल्यावर श्रीपतनाना काशीबाईंना घेऊन आमच्या रेडिओवर आले. त्यांना म्हणे आभार मानायचे होते. खैरुनबींनी आभार बाजूला सारले, ओढणी कानामागे खोचली आणि नेहमीचंच विचारलं, "मंग तुम्ही काय केलात?"

"काय करनार?" नाना म्हणाले. "निघालो यष्टीसाठी. पल्याडच्या अंगाला पांढरं कायतरी हाललं, म्हटलं ढवळी. उतरलो आनि घसरलो. धड दिसत न्हवतं ना. वर ह्यो पोरगा येऊन फोनवर बोलायचा, बायकोला लाडीगोडी लावायचा, ते समदं आयकू यायचं. मी आधी त्यालाच ओरडलो, 'अरं बाबा, ओ दे.' तो गप झाला आनि पळाला. मंग मी गाईला हाका मारायला लागलो."

"गाईला कशापाय?"

"मानूस ओ देत न्हवता," नाना अगदी साधेपणानं म्हणाले. "म्हटलं, जनावर तरी दील."

खैरुनबींचा पुढचा प्रश्न येईना. तसनीमनं माझ्याकडे पाहिलं, गाणं लावू का म्हणून. मी मान हलवून नको म्हटलं. चाचींनी कानामागची ओढणी काढून डोळ्यांना लावली.

"मी दिली होती ओ," त्या म्हणाल्या. "हाशिमला. त्याच्यापातूर पोचली नाय."

इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आमच्या यांना, सुनेच्या सासऱ्यांना, असंच म्हणायच्या. आज ते सगळ्या महाड-पोलादपूरनं ऐकलं.

काशीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग माझ्यासमोरचा फोन वाजायला लागला आणि खैरुनबींनी ओढणी पुन्हा कानामागे खोचली.

"उचल गो, शुभदा," त्या म्हणाल्या. "तिसरीची वाट नको बघू."