विहिरीकडच्या पट्ट्यातला जव

आमच्या वडिलांना एकाच गोष्टीचा तोरा होता. पिंपळगावकडचं सगळं शिवार द्राक्षांचं नि कांद्याचं, पण हे विहिरीकडच्या पट्ट्यात दरवर्षी जव पेरायचे. पीक निघालं की पोतं घेऊन पंचवटीत पूजेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात द्यायचे. तिथून त्याचं पीठ रामकुंडावर पिंडांना जायचं. "लोकांचे बाप माझ्या जवावर जेवतात," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. काय अभद्र बोलता हो, असं आम्ही भावंडं ओरडायचो.

गेल्या वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर ते गेले. आधी दवाखाना, मग तेरावं, आणि पट्टा तसाच पडून. आईने मात्र एकच धोशा लावला होता, "वर्षश्राद्धाला त्यांच्याच पट्ट्यातला जव पायजे. दुकानातला नको." दादा म्हणाला, आता लय उशीर झाला, कांदा लावू. मी भडकलेच. बापाचा पट्टा आणि कांदा? शेवटी त्याने जव पेरला, पण थंडी निम्मी सरल्यावर.

उशिराच्या पेऱ्याला फुटवे कमी आले आणि ओंब्या आखूड निघाल्या. तरी आई रोज बांधावर जाऊन बसायची. दाण्यात चीक भरायला लागला आणि नेमकी तेव्हाच उन्हाची झळ सुरू झाली. त्या वेळी एक पाणी हवं होतं. दादा कामाला द्राक्षांच्या पॅकहाउसवर, हंगाम जोरात, त्याला सुटी मिळेना. मी पंचवटीतल्या माझ्या घरातून फोनवर ठणाणा करत होते. त्याने पाणी दिलं, पण तोवर शेंड्याचं पान पिवळं पडलं होतं. पानच वाळल्यावर दाण्याला खायला घालणार कोण? लांबून पीक छान पिकल्यासारखं दिसत होतं. पिकलं कसलं, ते वाळलं होतं.

मळणी झाल्यावर आई सूप घेऊन पाखडायला बसली, तर भुशाबरोबर दाणेही उडायला लागले. तिने सूप खाली ठेवलं आणि एक मूठ माझ्या हातात दिली. हाताला वजनच लागेना. पेरावं तसं उगवतं म्हणे! उगवतं हो, पण भरतं का? मला इतका संताप आला की मी दादाला नाही नाही ते बोलले. तो खाली बसून उडालेले दाणे वेचायला लागला, आणि ते बघून माझा जीव आणखीच जळला.

वर्षश्राद्धाला आईने तेच पीठ डब्यात भरून रामकुंडावर आणलं. पीठ कसलं, निम्मा कोंडाच. दादाने तीळ घालून ते मळलं आणि पहिला पिंड वळला. पानावर ठेवला तर त्याला भेग गेली आणि तो फुटला. त्याने पुन्हा पाण्याचा हात लावून वळला. तोही फुटला.

गुरुजी भले होते. हळूच म्हणाले, "आई, दाणा पोचट होता का? याला बंधच येत नाहीये. मागे दुकान आहे, तिथे चांगलं पीठ मिळेल."

दुकान आम्हाला चांगलंच माहीत होतं. इतकी वर्षं वडिलांचं पोतं तिथेच तर उतरायचं. "माझ्यामुळं झालं, आई," दादा म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. एवढा थोराड माणूस, चारचौघांत. माझा वर्षभराचा राग कुठल्या कुठे गेला आणि मलाही रडू फुटलं.

आई मात्र रडली नाही. पुढे वाकून तिने फुटलेल्या पिंडाचे तुकडे पानावर गोळा केले आणि त्यांचा ढीग केला.

"असंच ऱ्हाऊ द्या गुरुजी. त्यांना ठाऊक हाय, यंदा दाणा भरला नाय." मग दादाच्या पाठीवर तिने तोच पिठाचा हात ठेवला. "उगी. पोराच्या हातचं हाय, जेवतील ते."