विश्वासू व्यक्ती

ऑर्फा स्टिडम खोटं बोलत नसे. हा गुण आहे असं म्हणायला आता मी धजत नाही.

कोळशाची खाण बंद झाली तेव्हा आमच्या खोऱ्यात दोन गोष्टी मागे राहिल्या, काळी धूळ आणि पाठदुखी. पाठदुखीवर डॉक्टर अफूच्या जातीच्या, सवय लावणाऱ्या गोळ्या लिहून देत. त्या एका घरातून दुसऱ्या घरात जात, वाटीभर साखर जावी तशा. कुणाचा गुडघा सुजला, कुणाची कंबर धरली की शेजारीण मुठीत एखादी गोळी घेऊन यायची. याला कुणी नशा म्हणत नसे. नशा करणारे वेगळे. त्यांना आम्ही टेकडीवर पुरत होतो. त्यांत ऑर्फाची मुलगीही होती. तिची पोर केंड्रा, नऊ वर्षांची, ऑर्फाकडे राहायची, आणि दोघींचं सरकारी मदतीवर भागायचं.

मार्चमध्ये ऑर्फाची दाढ ठणकली. दातांचा डॉक्टर आमच्याकडे वर्षातून एकदा येतो, उन्हाळ्यात, जत्रेच्या मैदानावर, फुकट. तीन रात्री ती बसून होती. चौथ्या दिवशी वरच्या घरातली नेओमा आली.

"घे. ड्यूईची आहे." ड्यूई तिचा नवरा, खाणीत छत कोसळून पाठीचा कणा मोडलेला.

"त्याला कमी पडेल गं."

"एका गोळीनं तो मरत नाही. मरायचा असता तर केव्हाच सुटले असते मी!"

दोघी हसल्या. ऑर्फाने गाल धरून.

दोन दिवसांनी कचेरीचं बोलावणं आलं. नवा कायदा झाला होता, मदत हवी तर आधी एक कागद भरायचा. इकडे बस नाही, म्हणून शेजारी या नात्याने मी तिला माझ्या गाडीतून नेलं. कागदावर विचारलं होतं, डॉक्टरने तुम्हाला न दिलेलं औषध गेल्या महिन्यात घेतलंत का?

"नाहीवर खूण कर," मी हळूच म्हणालो. "सगळे तेच करतात."

"गोळी माझ्या नावाची होती का?"

"अगं, दाढेसाठी घेतलीस ना!"

"दाढेचं त्यांनी विचारलेलं नाही."

तिने 'हो'वर खूण केली. रांगेतल्या बाकीच्यांनी 'नाही'वर केली आणि ते घरी गेले. त्यांतले चारजण काय घेतात ते मला ठाऊक होतं. ऑर्फाला लघवीच्या तपासणीसाठी प्लास्टिकचा पेला मिळाला. संडासाचं दार उघडं ठेवून एक बाई तिच्याकडे बघत उभी राहिली. ऑर्फा बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, धुतलेल्या पाटीवर नसतं तसं.

आठवड्याने निकाल घेऊन बसलेली मुलगी आमच्यातलीच होती. तिचा आजा ऑर्फाच्या नवऱ्याबरोबर खाणीत उतरायचा.

"गोळी कुणी दिली ते सांगा, मॅडम. तुम्ही मदत केलीत असं मी लिहीन. मग नुसत्या समुपदेशनाच्या चार बैठकांवर भागेल."

"आणि देणाऱ्याचं?"

"ते पोलीस बघतील."

ऑर्फाला ड्यूई दिसला असावा. गोळ्या थांबल्या की तो उशी चावत ओरडतो, ते खोऱ्यात सगळ्यांना ऐकू येतं.

"रस्त्यात सापडली," ती म्हणाली.

तिचं पहिलं खोटं. तेही धड जमलं नाही.

तिचा वाटा वर्षभरासाठी बंद झाला. "पोरीचा वाटा चालू राहील," मुलगी म्हणाली, "फक्त तुमच्या हातात देता येणार नाही. एखादी विश्वासू व्यक्ती सांगा. तिलाही पेला भरावा लागेल."

ऑर्फाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. माझ्या पेल्यात काय निघालं असतं ते मला माहीत होतं, आणि त्या क्षणी तिलाही कळलं.

शेवटी नेओमा तयार झाली. तिने स्वतः आयुष्यात कधी गोळी घेतली नव्हती, नुसत्या दिल्या होत्या. पेला स्वच्छ निघाला. तिच्या नावावर शिक्का बसला, विश्वासू.

सुरुवातीला ती पैसे आले की धावत खाली यायची. मग कचेरीतून तिला पत्र आलं, हिशेब कधीही तपासला जाईल. नेओमा घाबरली. घाबरलेला माणूस किती लवकर साहेब होतो!

"पावती ठेव हं, ऑर्फा."

"बटाट्यांची?"

"मला विचारतील गं ते. आणि हे बूट इतके महागाचे कशाला? पोरीचा पाय वाढतोय अजून."

"तुझ्यासाठी तोंड बंद ठेवलं मी, नेओमा."

"मी कुठं म्हटलं होतं ठेव?"

हे ती रागाने म्हणाली नाही. त्यानंतर मात्र ती खाली आली नाही. वही, पेन्सिल, कोट, जे लागेल त्यासाठी ऑर्फाच टेकडी चढायची आणि ओट्यावर उभी राहायची. केंड्रा मागे उभी राहून ऐकायची. मुलं शाळेत शिकत नाहीत एवढं अशा ओट्यावर शिकतात.

ऑक्टोबरमध्ये मी ऑर्फाकडे लाकडं टाकायला गेलो होतो. केंड्रा शाळेतून आली. सहलीचा कागद तिच्या हातात होता, खाली पालकाच्या सहीची जागा. ऑर्फाने हात पुसून पेन शोधलं.

"राहू दे, मॅमॉ," पोर म्हणाली. "मी वर जाऊन नेओमाची आणते. तुझी चालत नाही ना."

ती आजीला दुखवत नव्हती. तिचा वेळ वाचवत होती. कागद छातीशी धरून ती टेकडी चढू लागली. ऑर्फाने तिला हाक मारली नाही. पेनाचं टोपण लावलं, आणि मला विचारलं, लाकडं ओली तर नाहीत ना.