सतरा नंबरची हजेरी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला फोन वाजतो आणि माझ्या तोंडची चव जाते. पलीकडून एकच शब्द येतो, "सतरा?"

मी "हजर" म्हटल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. मग गुडघे, साखर, नातवंडं. दोन मिनिटांत आटपून तो एकोणीसला फोन लावतो. अठरा नंबर त्याचा स्वतःचा, तो कुणीच पुकारत नाही.

आमच्या कॉलेजच्या वर्गाची ही हजेरी तो पंचेचाळीस वर्षं घेतोय. आधी पोस्टकार्डावर, मग फोनवर. म्हणून त्याचं नावच हजेरी पडलं. सत्तेचाळीसपैकी अकरा गेले, त्यांच्यापुढे वहीत बारीकशी फुली. बाकीचे त्याला डोक्यावर घेऊन नाचतात. मला तो डोळ्यांसमोर नको असतो. चांगुलपणाचा एवढा सोस असलेला माणूस मला सहनच होत नाही.

जिन्याखालच्या खोलीत तो शिलाई मशिनं दुरुस्त करतो. नखांत कायम काळं तेल. खरं तर इंजिनिअर व्हायचा होता. आम्ही सगळे झालो, मी तर मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालो.

तो का झाला नाही, यातलं खरं फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे. शेवटच्या वर्षी मी तास बुडवून सिनेमाला जायचो आणि सतरा नंबर पुकारला की हा आवाज बदलून "हजर, सर" म्हणायचा. गळ मीच घातली होती. एके दिवशी पकडला गेला. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"तू सांगितलं होतंस याला?"

"नाही सर. मला यातलं काहीच माहीत नाही."

तो शेजारीच उभा होता. त्याने ब्र काढला नाही. त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. त्याच वर्षी वडिलांनी अंथरूण धरलं, आणि तो कॉलेजात परत आलाच नाही.

आलं ते त्याचं पोस्टकार्ड. तेव्हापासून मला एकच धास्ती. हा कधीतरी तोंड उघडणार आणि चारचौघांत माझी अब्रू काढणार.

गेल्या महिन्यात सगळे भेटलो. बायको आणि मुलगा माझ्याबरोबर होते. हजेरी झाल्यावर आमचा टकल्या, ज्याच्या जिभेला हाड नाही, मोठ्याने म्हणाला, "काय रे हजेरी, तुला परीक्षेला का बसू दिलं नव्हतं? कुणाच्या सांगण्यावरून हजर म्हणाला होतास?"

सगळे त्याच्याकडे वळले. मी हातातली बशी टेबलावर ठेवली.

त्याने वही मिटली. माझ्याकडे बघितलंही नाही. "मलाच खोड होती," म्हणाला. "कुणी सांगितलं नव्हतं."

सगळे खो खो हसले. मीही हसलो.

घरी येताना बायको म्हणाली, "किती सरळ माणूस आहे हो! तुम्ही उगीच त्याच्या नावाने बोटं मोडता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने खरं सांगितलं असतं तर निदान भांडलो असतो. पठ्ठ्याने तीही सोय ठेवली नाही. पुन्हा एकदा माझ्या वतीने खोटं बोलून मोकळा झाला.

या रविवारी नऊला फोन वाजला. आज बोलायचंच, असं ठरवून बसलो होतो.

"सतरा?"

"हजर."

"गुडघे काय म्हणतात?"

"बरे आहेत."

आता तो एकोणीसला फोन लावणार होता. मला नुसतं "अठरा?" म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

मी फोन ठेवून दिला.