गेरूवाला

कुंड्या रंगवून उरलेला गेरू मी स्वतःच्या कपाळाला लावला, तोही अर्ध्याच. उजव्या भुवईच्या वर आग होऊन फोडांचा पट्टा उठला होता. ही नागीण, आणि नागिणीवर गेरू लावतात, एवढं वैद्यक मला लहानपणापासून येत होतं. बायको दोन दिवस म्हणत होती, "अहो, डॉक्टरांना दाखवा." मी म्हटलं, संकष्टीचं दर्शन झालं की उतरेल. अकरा वर्षांत माझी एकही संकष्टी चुकली नव्हती, आणि हे मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगत असे.

तर नवीन पनवेलहून रिक्षा करून गावातल्या गणपतीला गेलो. रांगेत एका आजींनी माझं कपाळ पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. शेंदूर माखलेला कुणी उपासक वाटलो असेन. खरं सांगतो, मी त्यांना थांबवलं नाही. आतून मात्र घाबरलो होतो. सकाळपासून उजवा डोळा लाल होता, उजेड सोसत नव्हता, आणि देवळाचा कळस पाण्यातून बघावा तसा दिसत होता.

मागे रिकामी पाटी कमरेला लावून एक कोळीण उभी होती. तिने मला नमस्कार केला नाही. नीट निरखून म्हणाली, "दादा, नाकाच्या शेंड्यावर ती पुली कवा आली?"

"सकाळी. घामाची असेल."

"घामाची नाय. माज्या मालकाला आशीच आलती. आमी गेरू लावीत रायलो नि त्याचा डोला गेला. तुमी आत्ताच डोल्याच्या डाक्टरकडं जा."

पुढे फक्त सात-आठ माणसं होती. मी म्हटलं, "दर्शन घेऊन जातो. अकरा वर्षं चुकवलं नाही."

"देव काय हजेरी घेतो? द्या ती फुलां. मी वाहते. नाव काय सांगू त्याला?"

मी नाव सांगितलं. दूर्वा आणि जास्वंद तिच्या पाटीत ठेवली आणि रांगेतून बाहेर पडलो. आयुष्यात इतकं मुकाट्याने मी कुणाचं ऐकलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी गेरू धुवायला लावला. मग यंत्रातून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना, तोच विषाणू नसेत झोपून होता, तो आता उठलाय. बुबुळापर्यंत नुकताच पोचलाय. अजून दोन दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आत एकाच नसेच्या फांद्या जातात, म्हणून तिथली पुळी दिसली की डोळा तपासायचा. "तुम्हाला पाठवलं कुणी?" मी म्हटलं, कोळीणबाईंनी. त्यांनी मान हलवली आणि औषधं लिहायला घेतली. कढईतल्या फुटाण्यासारखं कपाळ तडतडत होतं, आणि मी त्या एका नसेचा विचार करत बसलो होतो. मला ज्या खुणेचा अर्थ कळला नाही, तो नवऱ्याचा डोळा गेल्यामुळे कळलेली बाई नेमकी माझ्या मागे उभी होती. चमत्कार म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

गोळ्या, थेंब आणि महिन्याभराचा ठणका, पण डोळा राहिला. बरा झाल्यावर मासळी बाजारात तिला शोधलं. ती बोंबील साफ करत होती.

"तुमची फुलां वाहली हां," ती म्हणाली. "पन नाव इसरले. मंग सांगला, तो गेरूवाला हाय ना, त्याचा डोला ठेव."

अकरा वर्षं मी देवापुढे नाव-गोत्र सांगून उभा राहिलो. ऐकलं गेलं ते गेरूवाल्याचं, तेही तो रांग सोडून गेल्यावर. तेव्हापासून संकष्टीला जातो, पण मोजत नाही.

घरी येऊन हे सगळं भरल्या आवाजात बायकोला सांगितलं. म्हटलं, देव असा पाटी घेऊन मागे उभा असतो, आपल्यालाच दिसत नाही.

ती पोळी लाटत होती. म्हणाली, "आणि दोन दिवस घरात डॉक्टर-डॉक्टर म्हणून ओरडत होता, तो कोण होता?"